थंडावा कोणाचा, उष्मा कोणाचा?

वाचकहो, शीतयंत्राविषयी एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावयास हवी. ते यंत्र थंडी निर्माण करीत नाही. एका ठिकाणची उष्णता उचलून ती दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकणे, एवढेच त्याचे कार्य. आतल्या कॉइलमध्ये द्रवरूप गॅसचा वायू होतो आणि तसे होताना तो खोलीतील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्या वायूस दाबून बाहेरच्या कंडेन्सरमध्ये पाठवितो. तेथे तो शोषलेली सर्व उष्णता आणि कॉम्प्रेसरने खर्चिलेल्या विजेची उष्णता बाहेरच्या हवेत सोडून पुन्हा द्रवरूप होतो. मग एखाद्या बारीक नळीतून वा झडपेतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो, आणि तो नव्याने उष्णता घेण्यास आत येतो. हॉटेलातील थंड कोठी असो, दूध साठविण्याची टाकी असो, बर्फाचा कारखाना असो की कार्यालयातील वातानुकूलन यंत्र असो, तत्त्व हेच.

म्हणजे प्रत्येक थंड खोलीस एक तापलेली पाठ असते. खोलीत बसणारा ती पाठ कधी पाहत नाही. ती छज्जावर, गच्चीवर, बोळात, कारखान्याच्या मागील अंगणात असते. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, तेव्हा त्या पाठीजवळ पान्हा घेऊन कोणीतरी उभा असतो. तो कोण आहे, हा आजच्या या लेखाचा विषय आहे.

धर्मांतर आणि हक्क यांना वाहिलेल्या पाक्षिकाने यंत्रांच्या दुरुस्तीवर अग्रलेख का लिहावा, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर सरळ आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भूमीवर आपण जुना धर्म टाकला, तेव्हा केवळ देव टाकले नाहीत. जन्माने ठरविलेला धंदाही टाकला. सम्यक आजीविका हे तथागतांच्या मार्गाचे एक अंग आहे. मनुष्य पोट कसे भरतो आणि ते भरताना त्याची प्रतिष्ठा राहते की जाते, हा प्रश्न बौद्धांना धर्माबाहेरचा मानता येत नाही.

धंदा आणि जात यांचा संबंध किती चिवट असतो, हे मुंबईच्या गिरण्यांनी आपणांस शिकविले आहे. त्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांस विणाई खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याची लाळ लागलेले सूत स्पृश्य कामगारांस विटाळाचे वाटे. विणाई खात्यात मजुरी अधिक होती, हे विसरू नये. यंत्र विलायतेहून आले, वाफेवर आणि विजेवर चालले. परंतु त्यापाशी उभे राहण्याचा अधिकार मात्र मनुस्मृतीच ठरवीत राहिली. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्टपणे ठेवला होता. जाती म्हणजे नुसती श्रमांची विभागणी नसून ती श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा सिद्धान्त या अनुभवांतून तावून सुलाखून निघालेला आहे.

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या खात्याकडे तंत्रशिक्षणाची योजना होती. 1943 साली कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे सोपविले गेले तेही याच खात्याकडून. त्यातून पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. आज आपली मुले औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षे काढून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्या हातात विद्या आणि हक्क हे दोन्ही बाबासाहेबांच्या त्याच परिश्रमाचे फळ म्हणून आलेले असतात. विद्या त्यांनी घेतली. हक्क मात्र अद्याप कागदावर आहेत.

प्रथम विद्येविषयी बोलू. कारण हे काम अडाण्याचे आहे, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. ‘गॅस भरून द्या’ एवढ्यावर त्यांचे ज्ञान संपते. वस्तुतः धड असलेल्या यंत्रातील गॅस कधीही संपत नाही. तो कमी झाला तर कोठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्यावाचून गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. गळती शोधण्यासाठी नळीत नायट्रोजनचा दाब द्यावयाचा असतो. तेथे ऑक्सिजन वापरला आणि कॉम्प्रेसरमधील तेलाशी त्याची गाठ पडली, तर स्फोट होतो. सांधा जोडल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळीतील हवा आणि ओलावा पूर्ण काढावा लागतो. ओलावा राहिला तर आत आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरची वेटाळी जळतात. मग गॅस भरावयाचा तो अंदाजाने नव्हे, काट्यावर तोलून. कंडेन्सरवर धूळ बसली तर दाब चढतो, वीज जास्त जाते आणि यंत्राचे आयुष्य घटते. बंद केलेल्या यंत्रातील कपॅसिटरदेखील विजेचा भार धरून ठेवतो, आणि बेसावध हातास झटका देतो.

हे ज्ञान आता अधिकच तातडीचे झाले आहे. ओझोनच्या रक्षणासाठी 1987 साली माँट्रियल करार झाला आणि भारत 1992 साली त्यात सामील झाला. त्या करारानुसार आर-22 सारखे जुने गॅस 2030 पर्यंत हद्दपार व्हावयाचे आहेत. 2016 च्या किगाली दुरुस्तीस भारताने 2021 साली मान्यता दिली, तेव्हा त्यानंतरच्या गॅसनाही उतरती कळा लागली. त्यांच्या जागी येणारा आर-32 मंद ज्वलनशील आहे, आणि आर-290 म्हणजे चक्क प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. बर्फाच्या कारखान्यात आणि मोठ्या शीतगृहात अमोनिया असतो. त्याचा लोट छातीत गेला तर माणूस गुदमरून मरतो. आर-22 वर पेटती ज्योत पडली तर फॉस्जीनसारखे विषारी वायू निर्माण होतात. तोच गॅस हवेत सोडून दिला, तर एका किलोचा ताप पृथ्वीस सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. तेव्हा छज्जावरील तो मुलगा तुमच्या खोलीचाच नव्हे, तर साऱ्या वातावरणाचा राखणदार आहे. त्याला मान मिळतो तो मात्र हमालाचा.

आता या धंद्याच्या आत काय चालते ते पाहा. एका पथकात दोन माणसे येतात. एकाच्या हातात गेज आणि मीटर. दुसऱ्याच्या हातात बादली, जेट पंप आणि आम्लाची बाटली. पहिला खोलीत बसून मालकाशी बोलतो, दुसरा खिडकीबाहेर उतरतो. पहिला मेकॅनिक, दुसरा हेल्पर. शिकण्याच्या काळात असा क्रम असणे स्वाभाविक आहे. त्यास आमचा आक्षेप नाही. आमचा आक्षेप आहे तो हेल्परने हेल्परच राहावे यास. प्रमाणपत्र असलेली, परीक्षा उत्तीर्ण झालेली आपली मुले सहा-सहा, आठ-आठ वर्षे बादलीच धुतात, कारण गेज कोणाच्या हातात द्यावयाचा हे दुकानमालकाच्या गणगोतात ठरते. अशी किती मुले आम्हांस भेटली, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. पण भेटली ती सर्व जवळपास एकाच प्रकारच्या वस्त्यांतून आली होती. गिरणीतील विणाई खात्याचे दार अशा रीतीने नव्या यंत्रापाशी पुन्हा बंद होते.

त्यातील एकाने सांगितलेली गोष्ट आम्हांस विसरता येत नाही. एका घरातील पाणी थंड करण्याचे यंत्र त्याने दुरुस्त केले. यंत्र सुरू झाल्यावर त्याने पाणी मागितले. गृहस्थाने आधी आडनाव विचारले, आणि मग पाणी आणले ते कागदाच्या पेल्यात. पाणी त्याच यंत्रातले होते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जो प्रश्न उभा राहिला, आणि ज्याचा निकाल 1937 साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने दिला, तो तळ्यावर मिटला तरी पेल्यात शिल्लक राहिला आहे.

अपमान मनुष्य गिळतो. पण छज्जावरून पडलेला मनुष्य उठत नाही. वकिलीच्या व्यवसायात आमच्याकडे आलेले एक प्रकरण येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. पंचवीस वर्षांचा तरुण. एका हॉटेलच्या चौथ्या मजल्यावरील युनिट उघडताना तो खाली पडला आणि गेला. कमरेस पट्टा नव्हता, कारण पट्टा कोणी दिलाच नव्हता. हॉटेलने सांगितले, ‘आमचा वार्षिक देखभालीचा करार कंपनीशी आहे.’ कंपनीने सांगितले, ‘आम्ही काम डीलरकडे दिले होते.’ डीलरने सांगितले, ‘तो आमचा नोकर नव्हता, कॉलमागे पैसे घेणारा स्वतंत्र कारागीर होता.’ आम्ही तो करार वाचला. वर्षातून किती वेळा सफाई, कोणते सुटे भाग फुकट, तक्रारीनंतर किती तासांत माणूस यावा, हे सर्व त्यात होते. तो माणूस कोणत्या आधाराने उभा राहील, याविषयी एक ओळ नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी डीलरचा माणूस लिफाफा घेऊन आला. त्यात पन्नास हजार रुपये होते आणि एक छापील कागद होता. आईने अंगठा लावावा, म्हणजे प्रकरण मिटेल. शेजारच्या शिक्षिकेने तो अंगठा अडविला, म्हणून पुढचे सर्व घडले.

वाचकहो, या ठिकाणी कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. कारण हे ज्ञान वेळेवर कोणाच्या तरी उपयोगी पडेल. नुकसानभरपाईचा मूळ कायदा 1923 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या आणि त्या कायद्याची तत्त्वे सामाजिक सुरक्षा संहितेत गेली. ती तत्त्वे अशी. ज्यास राज्य कामगार विमा लागू नाही अशा कामगारास काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, तर मालक भरपाईस बांधलेला आहे. कामावर किती माणसे आहेत, ही संख्या येथे आड येत नाही. ज्याचा धंदाच देखभालीचा आहे त्याने काम दुसऱ्याकडे सोपविले, तरी त्याची जबाबदारी सुटत नाही. ‘त्याने सूचना मोडली’ हा बचाव मृत्यूच्या प्रकरणी चालत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे. आणि मृत्यूची भरपाई घरी लिफाफ्यातून द्यावयाची नसते. ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावयाची असते. मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणक, हे तिचे गणित. पंचवीस वर्षांस तो गुणक 216.91 आहे. वेतन 12,000 रुपये धरले, तर भरपाई 13,01,460 रुपये होते. लिफाफ्यात पन्नास हजार होते.

त्या प्रकरणात अडचण आली ती एकाच ठिकाणी. तो मुलगा कामगार होता, हे सिद्ध करावयास नियुक्तिपत्र नव्हते, हजेरी नव्हती, पगाराची पावती नव्हती. अखेर हॉटेलच्या फाटकावरील रखवालदाराच्या वहीत डीलरच्या नावापुढे त्या मुलाची सही सापडली, एका दिवसाची नव्हे, चौदा महिन्यांत सतरा वेळा. त्या वहीने जे सांगितले ते त्याच्या मालकाने नाकारले होते. दावा मंजूर झाला. आईस पैसे मिळाले. मुलगा मिळाला नाही.

नव्या संहितांविषयी एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची संहिता नियुक्तिपत्र सक्तीचे करते, ही गोष्ट चांगली. पण ती साधारणतः दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे, आणि कंत्राटी कामगारांचे प्रकरण तर पन्नासांपासून सुरू होते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात हा आकडा मुळात वीस होता. देखभालीचा धंदा चालतो तो चार-पाच माणसांच्या दुकानांतून. म्हणजे ज्यास संरक्षणाची निकड सर्वांत अधिक, तोच गाळणीतून खाली पडतो. राज्यघटनेचे 42 वे कलम कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती निर्माण करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते. 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, किमान वेतनाहून कमी देऊन काम घेणे ही घटनेच्या 23 व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारी होय. 1995 साली त्याच न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या हक्काचा भाग मानला. हे निर्णय घेऊन शासनाचे दार ठोठावणे आवश्यक आहे. देखभालीच्या धंद्यात माणसांची संख्या न मोजता नियुक्तिपत्र आणि उंचीवरील कामासाठी पट्टा सक्तीचा करावा, ही आमची मागणी आहे. 2019 च्या राष्ट्रीय शीतलीकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना 2022-23 पर्यंत प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. त्यांतील किती प्रमाणपत्रे बादली धुणाऱ्या हातांपर्यंत पोहोचली, हे शासनाने जिल्हावार जाहीर करावे.

परंतु शासनाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे यंत्र आहे. आपण अधिकारी झालो, प्राध्यापक झालो, वकील झालो. आमच्याच कचेरीतील यंत्र एका मे महिन्यात बंद पडले. दुरुस्तीस आलेला मुलगा एका हाताने खिडकीची जाळी धरून तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर उतरला. आम्ही खुर्चीवरून एकच प्रश्न विचारला, ‘किती वेळ लागेल?’ काम संपवून तो आत आला, भिंतीवरील बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहून त्याने जय भीम केला आणि पैसे घेऊन निघून गेला. दुसऱ्याच्या भरपाईसाठी न्यायालयात भांडणाऱ्या आम्हांस आमच्या खिडकीबाहेरचा मनुष्य दिसला नव्हता. ही गोष्ट लिहिताना आम्हांस लाज वाटते. पण ती लपविण्यात अधिक लाज आहे.

म्हणून तीन गोष्टी आम्ही वाचकांपुढे ठेवतो. पहिली, या धंद्यातील तरुणांसाठी. कागद मागा. नियुक्तिपत्र मिळत नसेल तर प्रत्येक कॉलचा संदेश, प्रत्येक फाटकावरील सही, बँकेत आलेली प्रत्येक रक्कम जपून ठेवा. नव्या गॅसचे शिक्षण घेतल्यावाचून ज्योत पेटवू नका. पट्ट्याशिवाय उतरण्यास एकट्याने नकार दिला तर उद्या दुसरा मुलगा बोलाविला जाईल, हे आम्ही जाणतो. म्हणून नकार दहाजणांनी मिळून द्या.

दुसरी, विहार समित्यांसाठी. व्हॅक्यूम पंप, गेजचा संच, तोलकाटा आणि चार सुरक्षा पट्टे यांची एक पेटी प्रत्येक मोठ्या वस्तीतील विहारात असावी. अवजार नाही म्हणून कुशल मुलगा हेल्पर राहतो आणि पट्टा नाही म्हणून जिवास मुकतो. पाच-सहा मुलांनी एकत्र येऊन सहकारी तत्त्वावर स्वतःचे दुकान काढले, तर गेज कोणाच्या हाती द्यावयाचा हे तेच ठरवतील. दर पौर्णिमेस वंदनेनंतर एक तास एखाद्या अनुभवी मेकॅनिकने मुलांस शिकवावे. विद्येचे दान हे विहाराच्या बाहेरचे काम नव्हे.

तिसरी, यंत्राच्या मालकांसाठी, म्हणजे आपणां सर्वांसाठी. देखभालीच्या करारावर सही करण्यापूर्वी त्यात दोन ओळी घाला: येणाऱ्या कामगारास नियुक्तिपत्र आणि विमा आहे, व उंचीवर पट्ट्यावाचून काम होणार नाही. सोसायटीच्या सभेत गच्चीवर पट्टा अडकविण्याचा पक्का हूक बसविण्याचा ठराव मांडा. फाटकावरील वहीत त्याचे पूर्ण नाव लिहून घ्या. आणि तो काम संपवून आत आला की आपण ज्या पेल्यातून पाणी पितो त्याच पेल्यातून त्यास पाणी द्या. आडनाव विचारू नका.

उन्हाळा दर वर्षी येणार आहे आणि यंत्रे वाढत जाणार आहेत. या वर्षी यंत्र सुरू करण्यापूर्वी एकदा खिडकी उघडून बाहेरचा छज्जा पाहा. तेथे मनुष्यास पाय ठेवावयास जागा आहे काय, पट्टा अडकवावयास आधार आहे काय, हे बघा. नसेल, तर मुलगा बोलावण्यापूर्वी गवंडी बोलवा.